फिल्ममध्ये न हललेला माणूस

आमच्या शिरूरच्या स्टुडिओला दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत आमचे हे बसतात. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाच्या ऑर्डरी, सगळं तिकडं. मागच्या खोलीत मी, माझा कॉम्प्युटर आणि एक जुना प्रोजेक्टर. त्याचा दिवा काढून ह्यांनी तिथं मंद लाइट बसवलाय आणि भिंगापुढं कॅमेरा. त्यातून मी लोकांच्या घरातल्या जुन्या फिल्मा एकेक चित्र थांबवून स्कॅन करते. एक चित्र करंगळीच्या नखाहून लहान, आणि त्यातून माणसं बाहेर काढायची. लोक म्हणतात, डोळे जातील. जाईनात का, चष्मा आहेच. मला हे काम आवडतं, दुपारी घरचं गरम जेवण मिळतं आणि नवरा चहा चांगला करतो. मी सुखी बाई आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं माझी किरकिर ऐकून कुणीतरी उगाच हळहळायचं.

किरकिर एकाच गोष्टीची आहे. हल्ली सगळ्यांना चेहरे गुळगुळीत लागतात. नवरी पिठात घोळल्यासारखी पांढरी झाली की अल्बम चांगला झाला म्हणतात. कारेगावच्या एका नवरीच्या हनुवटीवर छान तीळ होता. अल्बममध्ये तो गेला. तिची आई म्हणाली, "अहो, तीळ कुठं गेला हिचा?" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, डाग काढा." त्यानंतर मी नवऱ्याला सांगून टाकलं की अल्बमचं तुमचं तुम्ही बघा, माझ्याकडं जुनं काम द्या. ते म्हणाले, जुन्या कामाला गिऱ्हाईक कुठं आहे इथं? खरंच होतं ते. पिक्चर काढायचा कॅमेरा त्या काळी आपल्या भागात कुणाकडं असणार? एखादा डॉक्टर, एखादा कारखानदार, नाहीतर दौंडला रेल्वेचा साहेब.

दौंडच्या मावशी आल्या त्या अशाच एका साहेबाची फिल्म घेऊन. सत्तरीच्या पुढच्या, पोपटी साडी, हातात कापडी पिशवी, एसटीनं एकट्या आलेल्या. पिशवीतून त्यांनी पत्र्याची गोल डबी काढली. झाकण उघडलं तर आतून आंबूस वास आला. जुन्या फिल्मला तसा येतो, म्हणजे ती आतून खराब व्हायला लागलेली असते.

"ह्ये चालू व्हतंय का बगा, बाई," त्या म्हणाल्या.

"काय आहे ह्यात?"

"माजं लगीन."

त्यांचे मालक रेल्वेत लोको शेडला कामाला होते. लग्न दौंडलाच, क्वार्टरच्या मागच्या मैदानात झालं. साहेब हौशी होते, त्यांनी कॅमेरा आणला आणि नंतर फिल्मची डबी भेट म्हणून दिली. घरात प्रोजेक्टर नाही, तर ती बघणार कशावर? एकदाच साहेबांच्या बंगल्यात भिंतीवर दाखवली होती. बायकांना मागं बसवलं होतं आणि मावशींच्या पुढं एक उंच बाई. "माज्या वाट्याला तिचा अंबाडाच आला," मावशी म्हणाल्या. मला हसू आलं, त्याही हसल्या.

मग म्हणाल्या, "मला लगीन न्हाई बगायचं. लगीन ठाव हाय मला. माजं आबा बगायचंत."

आबा म्हणजे त्यांचे वडील. कासुर्डीचे, जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. मावशींचं लग्न लावून दिलं आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यांचा एकही फोटो नाही. फोटो काढायचा म्हणजे यवतला जायचं, दिवसाचं काम बुडवायचं, आणि कशासाठी? आई आधीच गेली होती. दोन्ही भाऊ आता गेले. "आबांना बगितल्यालं आता मी एकटीच ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "आन् मलाबी आता त्येंचं त्वांड आठवत न्हाई. डोळं मिटलं की आवाज येतो, खोकला येतो, हात दिसत्यात. त्वांडच येत न्हाई, बाई."

हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. मी डबी घेतली आणि म्हटलं, करते मावशी. पुढच्या खोलीतून नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, की बाई, कबूल कशाला करतेस लगेच.

फिल्म आक्रसलेली होती, त्यामुळं बाजूची भोकं प्रोजेक्टरच्या दातात नीट बसेनात. हातानं सरकवत, मऊ कापडानं पुसत, शिव्या घालत ती मी स्कॅन केली. फिल्म जुनी झाली की तिच्यातले इतर रंग आधी जातात आणि सगळं गुलाबी दिसायला लागतं, तशी हीही गुलाबी झाली होती. पण लग्न बौद्ध पद्धतीचं, नवरी पांढऱ्या साडीत. आता पांढरं काय होतं हे नक्की माहीत असलं की बाकीचे रंग जागेवर आणता येतात. मी ती साडी पांढरी केली आणि मागचा कडुनिंब हिरवा झाला, क्वार्टरच्या विटा विटांसारख्या दिसायला लागल्या. त्या दिवशी मी इतकी खूश होते की नवऱ्याला दोनदा बोलावून तोच कडुनिंब दाखवला.

मग धूळ काढायचा प्रोग्राम लावला. त्याचं डोकं सरळ आहे. जो ठिपका एका चित्रात दिसतो आणि पुढच्या चित्रात नसतो, तो कचरा समजायचा आणि पुसायचा. पुसून झाल्यावर बघते तर सगळा मांडव हात वर करकरून काहीच टाकत नव्हता. मी बुचकळ्यात पडले. मग लक्षात आलं. आपल्याकडं अक्षता टाकतात, त्यांच्यात फुलांच्या पाकळ्या, आणि प्रोग्रामनं त्या सगळ्या पाकळ्या कचरा म्हणून झाडून टाकल्या होत्या. आधीचं केलेलं सगळं परत फिरवलं आणि तेवढ्या भागातली धूळ एकेक चित्र बघून हातानं काढली. पाकळ्या परत पडायला लागल्या.

आबा होते पाकळ्यांच्या नंतर. हे कसं कळलं? मावशींनी सांगितलं होतं की आबांच्या डोक्यावर जावयानं दिलेली नवी टोपी होती आणि साहेबांनी त्यांना एकट्याला पुढं बोलावलं होतं. तसा एकच माणूस होता. कमरेपर्यंत दिसणारा, सावळा, मान ताठ. उन्हात टोपीची सावली तोंडावर पडलेली, आणि त्या सावलीत चेहऱ्याच्या जागी नुसता दाणा. फिल्मवरचं चित्र बारीक दाण्यांचं बनलेलं असतं आणि इतक्या लहान फिल्मवर तो दाणा डोळ्याएवढा मोठा होतो. डोळा कुठं, नाक कुठं, सगळा अंदाज.

बाकी सगळी फिल्म हलत होती. बायका हसत होत्या, पोरं कॅमेऱ्यापुढं नाचत होती. हा माणूस मात्र हात दोन्ही बाजूला सरळ सोडून, श्वास रोखून उभा. मध्येच कडेनं साहेबांचा हात येतो, हला, काहीतरी करा, अशी खूण करतो. हे ढिम्म. मला ते बघताक्षणी कळलं. माझं माहेर केंदूरचं. स्टुडिओ नवीन होता तेव्हा तिकडची म्हातारी माणसं पहिला फोटो काढायला यायची ती अशीच उभी राहायची. आबांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा हलणारा फोटो आहे. त्यांना वाटलं, फोटो निघतोय, हललो तर बिघडेल.

मी दाणा घालवायचा प्रयत्न केला. दाणा गेला आणि चेहरा शाडूच्या मातीचा झाला. मग रेघा ठळक केल्या, तर तोंडावर मिरपूड उधळल्यासारखं झालं. शेवटी हल्लीचा एक प्रोग्राम आहे, अंधुक चेहरा दिला की स्वच्छ करून देतो, तो लावला. क्षणात एक देखणा गृहस्थ समोर आला. सरळ नाक, पाणीदार डोळे, गुळगुळीत गाल. मला तेव्हाच खटकलं होतं, पण मी दमले होते आणि तो दिसत होता फारच छान.

नेमक्या त्याच आठवड्यात मावशी आल्या. त्यांना धीर धरवेना. मी तोच चेहरा स्क्रीनवर मोठा करून दाखवला. त्या पुढं वाकल्या, चष्मा पुसला, परत बघितलं.

"बरं हाय की," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "ह्येच का आमचं आबा?"

ही बाई मला विचारत होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, फोटो घरी नेला असता, भिंतीला लावला असता, आणि जगात एकही माणूस उरला नव्हता जो म्हणाला असता की हे ते नव्हेत. त्यांना स्वतःलाही त्यानंतर हेच तोंड आठवलं असतं.

मी म्हटलं, "नाही मावशी. हे आबा नाहीत."

"मंग कोन?"

"कुणीच नाही. मशिननं अंदाजानं काढलाय." आणि त्यांच्यादेखत तो चेहरा पुसून टाकला.

त्या काही रागावल्या नाहीत. "असूं द्या," म्हणाल्या, "न्हाई जमलं तर न्हाई जमलं. कापडं तरी दिसली." आणि पिशवी उचलून बस गाठायला निघाल्या. त्यांचं ते असू द्या मला फार लागलं. नवरा मात्र चिडला. "चांगलं समाधान झालं होतं गिऱ्हाइकाचं," म्हणाला. "तुला काय सुखानं राहायचंच नाही का?" मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या जागी मी दुसऱ्या कुणाचा फोटो लावते, चालेल?" त्यावर त्यांनी चहा ठेवला.

पुढचे काही दिवस मी आबांचा तेवढाच तुकडा परत परत फिरवत ठेवायची. बघायची, थांबवायची, मोठा करायची, चरफडायची. एका दुपारी पुढच्या खोलीतून ह्यांची हाक आली, "अगं, भात निवतोय." मी तो तुकडा तसाच चालू ठेवून उठले आणि दारातून सहज मागं वळून बघितलं. आणि आबा दिसले. स्वच्छ नाही, पण नाक कळत होतं, गालाचं हाड कळत होतं. धावत परत आले, थांबवलं. गेले. नुसता दाणा. चालू केलं. आले.

मी तिथंच उभी राहिले. थांबवला की माणूस जातो आणि चालू केला की येतो, हे कसं? मग डोक्यात लख्ख झालं. दाणा दर चित्रात वेगळ्या जागी असतो. माणूस सगळ्या चित्रांत तोच. चालू असताना आपला डोळा ती चित्रं एकात एक मिसळतो, दाणा दाण्याला खातो आणि जे सगळीकडं सारखं आहे तेवढं उरतं. मी आजवर एका चित्रातून आबा काढायला बघत होते आणि आबा एका चित्रात नव्हतेच. ते सगळ्यांत मिळून होते.

डोळा जे करतो ते कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं होतं. सगळी चित्रं एकावर एक ठेवायची आणि त्यांची सरासरी काढायची. हे कुणाच्याही बाबतीत जमलं नसतं. त्या मांडवातल्या दुसऱ्या कुणाचं असं केलं असतं तर पाच नाकं आणि दहा कान झाले असते, कारण सगळे हलत होते. हा एकच माणूस साहेबांनी खुणा करूनसुद्धा हलला नव्हता. फोटो बिघडू नये म्हणून.

कॅमेरा धरलेला साहेबांचा हात तेवढा हलत होता. त्यामुळं प्रत्येक चित्रात आबा थोडे इकडं, थोडे तिकडं सरकलेले. टोपीची कड आणि सदऱ्याचं वरचं बटण धरून मी एकेक चित्र हातानं जागेवर आणलं. मान मोडून आली. ह्यांनी दोन वेळा बाम चोळला आणि दोन्ही वेळा म्हणाले की तू वेडी आहेस. पण चित्रामागून चित्र चढत गेलं तसा दाणा विरत गेला. आधी टोपीची शिवण दिसली. मग कपाळावरच्या आठ्या. खुंट वाढलेली हनुवटी. दातात धरलेला ओठ. मशिनच्या त्या देखण्या गृहस्थाशी ह्या माणसाचं काडीचं साम्य नव्हतं. नाक बसकं, गाल खोल गेलेले. मला तो माणूस इतका आवडला की मी एकटीच त्याच्याकडं बघून हसत बसले.

एकच गोष्ट राहिली. आबांचा डावा डोळा अर्धवट मिटलेला होता. नवरा म्हणाला, "पापणी लवली असेल, उघडून टाक की." स्टुडिओत आम्ही रोजच उघडतो, उजवा डोळा उलटा करून डावीकडं बसवला की झालं. पण पापणी लवली असती तर काही चित्रांत डोळा उघडा असता. मी चित्रांचे लहान लहान गट वेगवेगळे चढवून तपासले. सगळ्यांत तसाच. "जसा आहे तसा राहू दे," मी म्हटलं. "आणि ओळख पटली नाही तर?" ह्यांनी विचारलं. खरं म्हणजे मला त्याचीच भीती होती. ह्या वेळी चेहरा खरा होता, पण मावशींना तो आठवलाच नाही तर खरा असून त्यांना काय उपयोग?

मोबाईलवर पाठवायचा नाही हे मात्र माझं पक्कं होतं. मी मोठा प्रिंट काढला, तकाकी नसलेल्या कागदावर, आणि ह्यांच्या मागं गाडीवर बसून दौंडला गेले. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांनी वाट अडवलेली, भीमेच्या पुलावर वारा, मांडीवर तो प्रिंट पुठ्ठ्यात घालून घट्ट धरलेला. ह्यांनी वाटेत रसवंतीवर थांबू का विचारलं. मी म्हटलं, येताना.

मावशींचं घर रेल्वे लाइनीच्या अलीकडं. मुलगा-सून कामावर गेलेली, त्या एकट्याच लसूण सोलत बसल्या होत्या. आम्हाला बघून गडबडल्या, च्या ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, आधी हे बघा. त्यांनी हात पुसले. पुठ्ठा उघडून मी प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गप्प बसले. ह्यांनासुद्धा डोळ्यानं गप्प केलं.

मावशींनी मला काही विचारलं नाही. बाहेरून मालगाडी जात होती, ती संपेपर्यंत त्या प्रिंटकडं बघत राहिल्या. मग त्यांनी बोट त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवलं.

"पातं लागलं हुतं ह्या डोळ्याला," त्या म्हणाल्या. "उसाचं. मी ल्हान हुते तवा. कसं इसरले मी?" आणि मग थांबल्याच नाहीत. तो डोळा तेव्हापासून सारखा गळायचा, आबा धोतराच्या सोग्यानं टिपायचे, पोरं चिडवायची. आबा मोठे कडक. बायको गेली तेव्हाही कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मावशी बोलत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. माझ्या नवऱ्यानं हळूच माझ्या पाठीवर थाप मारली.

"माज्या लग्नात बाया म्हनाया लागल्या, बाप रडतोय बग गं," त्या म्हणाल्या. "मीच त्या बायांना म्हनलं, रडत न्हाईत, डोळाच तसा हाय त्येंचा. मला बी लई राग आला हुता. म्हनलं, येकुलती येक लेक चालली आन् ह्येंच्या डोळ्यात टिपूस न्हाई. मी निगताना मागं वळून बी बगितलं न्हाई त्येंच्याकडं."

बोलता बोलता त्यांचं बोट आबांच्या गालावरून खाली आलं. गळक्या डोळ्याखाली एक ओली रेघ होती, टोपीच्या सावलीतही चकाकलेली. बोट तिच्यावरून फिरलं, नाक ओलांडून पलीकडं गेलं आणि थांबलं. दुसऱ्या गालावरही तशीच ओली रेघ होती. मी ती घाम समजून सोडून दिली होती.

मावशींनी प्रिंट डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो डोळा तर चांगला हुता."